वीटखेळ आणि एक दोनशे पानी वही

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी यंदा संपादक मंडळाने वेगळी पद्धत अवलंबिली. कोणत्या शिक्षकाने कशावर लिहावे, हे विद्यार्थ्यांनी सुचवावे, असे ठरले. इतिहास शिकविणाऱ्या माणसाला मुले फार तर बीडच्या खजाना विहिरीवर किंवा अंबाजोगाईच्या लेण्यांवर लिहायला सांगतील, अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात नववीच्या वर्गाकडून आलेल्या चिठ्ठीत लिहिले होते : ‘सरांचा आजवरचा सर्वांत आवडता व्हिडिओ गेम कोणता, आणि तो का?’ शिक्षक-कक्षात थोडा हशा झाला. परंतु विचार करू लागलो तसा हा प्रश्न मला खजाना विहिरीइतकाच खोल वाटू लागला. माणसे काय पिकवतात, कशासाठी लढतात, कोणापुढे वाकतात, याचा इतिहास आपण शिकतो. ती काय खेळतात, याचा शिकत नाही. म्हणून हा लेख.

बौद्ध विचारांवर चालणाऱ्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत खेळावर लिहायचे, तर एक आक्षेप आधीच विचारात घेणे योग्य. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, श्रमणाने ज्या खेळांपासून दूर राहावे त्यांची यादी आली आहे. आठ घरांचा पट, दहा घरांचा पट, पट समोर नसताना मनातल्या मनात कल्पून खेळणे, फासे, खेळण्यातला नांगर, खेळण्यातला रथ, छोटे धनुष्य, कोलांट्या, सारे तीत आहे. जगातील खेळांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक या यादीकडे मोठ्या आदराने पाहतात, कारण इतक्या प्राचीन काळची इतकी तपशीलवार नोंद क्वचितच आढळते. तीत ‘अक्खरिका’ नावाचा एक खेळ आहे : हवेत किंवा सोबत्याच्या पाठीवर बोटाने अक्षर काढायचे आणि त्याने ते ओळखायचे. आमच्या वसतिगृहात दिवे मालवल्यावर मुले आजही हा खेळ खेळतात. त्याचे नाव अडीच हजार वर्षांच्या परंपरेत नोंदलेले आहे, हे त्यांना ठाऊक नसते.

ही यादी लोकांनी दिलेल्या अन्नावर जगणाऱ्या श्रमणांसाठी आहे, मुलांसाठी नाही. गृहस्थांना उद्देशून जो उपदेश आहे, तो सिगालोवाद सुत्तात. तेथे संपत्तीच्या नाशाच्या सहा वाटा सांगितल्या आहेत, आणि त्यांत जुगार आहे. जिंकणाऱ्याला वैरी मिळतात, हरणारा गेलेल्या धनासाठी शोक करतो, हातचे धन जाते, सभेत शब्दाला वजन राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि लग्नासाठी कोणी मुलगी देत नाही, असे जुगाराचे सहा दोष तेथे मोजले आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्या वेळी झालेल्या चर्चा वर्तमानपत्रांतून वाचताना हे सहाही दोष मला एकेक करून आठवत होते. खेळ आणि जुगार यांच्यातील रेषा अशी जुनी आहे. ती स्पष्ट ठेवली की खेळाविषयी मोकळेपणाने बोलता येते.

आता निवड. निकषांशिवाय निवड करू नये, असे मी वर्गात नेहमी सांगतो, म्हणून माझे निकष आधी मांडतो. पहिला, खेळाचा नियम सर्वांना सारखा असावा आणि तो भाषा, शिक्षण, पैसा यांवाचून कळावा. दुसरा, गरिबाच्या पोराच्या हाती तो पोहोचावा आणि पोहोचल्यावर टिकावा. तिसरा, यश खेळणाऱ्याच्या कृतीवर अवलंबून असावे, केवळ नशिबावर नव्हे. चौथा, खेळ माणसाला माणसापासून तोडणारा नसावा. या चार चाळण्यांतून माझ्या पाहण्यात आलेले खेळ मी गाळून पाहिले.

इतिहासाचा शिक्षक म्हटल्यावर कोणीही ‘एज ऑफ एम्पायर्स’चे नाव घेईल. त्याचा १९९९ साली आलेला दुसरा भाग माझ्या पुतण्याच्या संगणकावर मी पुष्कळ खेळलो आहे. बायझंटाईन कोण, मंगोल कोठून आले, असे प्रश्न मुले आपण होऊन विचारू लागतात, हे त्याचे श्रेय मान्य करायलाच हवे. परंतु त्यात इतिहास म्हणजे राज्ये, सैन्ये आणि किल्ले. जो लाकूड तोडतो, शेत कसतो, खाणीतून सोने काढतो, त्याला नाव नाही. तो केवळ ‘गावकरी’. पन्नास एकक अन्न मोजले की एक गावकरी तयार होतो, आणि मरेपर्यंत राबतो. मी हे वर्गात सांगितले तेव्हा आठवीतली एक मुलगी चटकन म्हणाली, “म्हंजी उचलच की, सर!” आपल्या जिल्ह्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून मोजले जायचे आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर ती फेडायची, हे आमच्या निम्म्या वर्गाच्या घरचे अर्थशास्त्र आहे. त्या मुलीच्या एका वाक्याने मला त्या खेळाची जी समीक्षा दिली, ती मला अन्यत्र वाचायला मिळाली नाही. खेळ चांगला आहे. पण तो राजाच्या खुर्चीतून खेळायचा आहे, आणि त्यासाठी संगणक हवा.

दुसरा उमेदवार नोकियाचा साप. १९९७ साली ६११० या फोनवर तो पहिल्यांदा आला. आपल्या भागात तो घरोघर पोहोचला २००३ नंतर, टॉर्चच्या ११०० बरोबर. खाल्ले की वाढायचे, आणि वाढता वाढता स्वतःच्याच शेपटीवर आदळायचे, एवढीच त्याची गोष्ट. लोभाविषयी यापेक्षा सोपा धडा कोणी रचला नसेल. परंतु तो फोनमध्ये राहतो, आणि आमच्या मुलांच्या घरी फोन एकच असे. दिवाळीनंतर तो बापाच्या खिशातून फडावर जाई, आणि सापही त्याबरोबर जाई. दुसऱ्या निकषावर तो अडतो.

पब्जी आणि फ्री फायर यांविषयी थोडक्यात. पहिल्यावर केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये आणि दुसऱ्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली. बंदीची कारणे खेळाबाहेरची होती. माझी हरकत निराळी आहे. अनेकांनी उतरायचे आणि एकानेच उरायचे, ही कल्पनाच मला रुचत नाही. आमच्या शाळेची सारी धडपड जास्तीत जास्त मुले शेवटपर्यंत उरावीत, यासाठी आहे.

लुडो किंगला मात्र मी मनापासून मान देतो. हा आपल्या महाराष्ट्रातील, नवी मुंबईतील कंपनीने २०१६ साली काढलेला खेळ. पटावरच्या सोंगट्यांशी मराठवाड्याचे नाते तसे फार जुने आहे. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळत असल्याचे शिल्प आहे. आमची सहल गेली की मुले त्यासमोर सर्वांत जास्त वेळ थांबतात. पचिसीचेच रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लुडो झाले आणि तेथून पुन्हा आपल्याकडे आले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा वसतिगृह रिकामे करून मुले गावी आजी-आजोबांकडे पाठवली गेली आणि आई-बाप पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर अडकून पडले. एप्रिलमध्ये शासनाने परतीची परवानगी देईपर्यंत ते तेथेच होते. त्या दिवसांत आमची कित्येक मुले शेजाऱ्याच्या फोनवरून फडावरच्या बापाशी लुडो खेळली. बोलायला दोन्हीकडे शब्द सुचत नसताना सोंगटी पुढे सरकत होती. कोणत्याही खेळाने एवढे केले तर पुरे. तरीही माझी पहिली पसंती त्याला नाही, कारण तिथे सर्वाधिकार फाशाला आहे. जुन्या मोक्षपटात सद्गुणाची शिडी चढायची तीही फाशाच्या कृपेने, हे मला लहानपणापासून खटकत आले आहे. शिवाय जिथे फासा असतो तिथे पैसा लावणाराही आज ना उद्या येतोच.

आता माझा निवाडा सांगतो. माझा सर्वांत आवडता व्हिडिओ गेम टेट्रिस. आणि तोही संगणकावरचा नव्हे, तर ज्याला आपण ‘ब्रिक गेम’ म्हणत आलो, तो तळहाताएवढा राखाडी डबा. वर छोटी काच, खाली चार-पाच बटणे, पाठीमागे दोन पेन्सिल सेल आणि पुढे ठळक आकड्यांत ‘९९९९ इन १’ अशी बढाई. १९९५ साली एम. ए.च्या शेवटच्या वर्षाची शिष्यवृत्ती हाती आली, तेव्हा तेव्हाच्या औरंगाबादेत पैठण गेटजवळच्या फुटपाथवर मी तो घेतला. नागसेनवनातून चालत गेलो आणि चालतच परतलो. बसभाडे वाचले त्यात सेल आले. पुढे नोकरीला येथे आलो तेव्हा पुस्तकांच्या पेटीतून तोही आला, आणि वसतिगृहाच्या दिवाणखान्यात त्याची स्थापना झाली.

या खेळाचा जन्म एखाद्या खेळणी-कारखान्यात झालेला नाही. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणारे अलेक्सेई पाजितनोव यांनी तो रचला. लाकडी ठोकळ्यांचे पेंटोमिनो नावाचे कोडे त्यांना आवडे. त्यात पाच-पाच चौकोनांचे बारा तुकडे असतात. ते त्यांनी चार चौकोनांवर आणले, तेव्हा सात आकार उरले. त्यांच्यासमोरच्या ‘एलेक्त्रोनिका ६०’ या संगणकाला चित्रे काढता येत नव्हती; म्हणून त्यांनी कंसाची चिन्हे शेजारी शेजारी ठेवून विटा उभ्या केल्या. साधन नाही म्हणून काम थांबवायचे नसते, हे आमच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. ग्रीक ‘टेट्रा’ म्हणजे चार, आणि पाजितनोव यांचा आवडता खेळ टेनिस. दोन्ही मिळून टेट्रिस. हा ‘टेट्रा’ आणि रोज वंदनेच्या वेळी आपल्या कानी पडणाऱ्या पालीतील ‘चत्तारि’ हे दूरचे भाऊच आहेत, दोघांचे मूळ एक.

पुढे वदीम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने तो खेळ साध्या वैयक्तिक संगणकावर चालेल असा केला, आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत तो मॉस्कोभर पसरला. १९८९ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘गेम बॉय’बरोबर तो जगभर गेला. कंपन्यांनी त्यावर अमाप पैसा मिळवला, पण हक्क सोव्हिएत सरकारी संस्थेकडे असल्याने पाजितनोव यांना स्वामित्वधन मिळू लागले ते १९९६ पासून. म्हणजे ज्या वर्षी मी फुटपाथवर तो डबा विकत घेतला, त्या वर्षीही निर्मात्याच्या हाती त्याच्या निर्मितीचा मोबदला पडत नव्हता. त्या डब्यावर त्याचे नावही नव्हते. हा भाग मी शिकवतो तेव्हा मुले फार लक्ष देऊन ऐकतात. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते, तोडणाऱ्याचे नसते, हे त्यांनी पाहिलेले आहे.

ज्यांनी तो कधी हातात घेतला नाही, त्यांच्यासाठी खेळ सांगतो. दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच अशी एक विहीर आहे. वरून एकेक आकार खाली येतो. तो डावी-उजवीकडे सरकवायचा, फिरवायचा आणि तळाशी नीट बसवायचा. एक ओळ सलग भरली की ती पुसली जाते. भोके राहिली तर विटा साचत जातात, आणि ढीग काठाला लागला की डाव संपला. आमच्या डब्यात एक ओळ पुसली तर १०० गुण आणि एकदम चार पुसल्या तर १५०० गुण मिळत. त्यामुळे धीर धरून कडेची एक घरभर जागा मोकळी ठेवायची की मिळेल ते उरकून टाकायचे, हा पेच प्रत्येक डावात उभा राही.

सात आकारांना मुलांनी आपली नावे दिली होती. सरळ उभी काडी म्हणजे ‘ऊस’. डावी-उजवी वळलेली दोन म्हणजे ‘कोयते’. मध्ये टोक असलेला तो ‘कोपी’, कारण फडावरची खोपटी तशीच दिसते. चौकोन म्हणजे ‘पेटी’, प्रत्येकाच्या खाटेखाली असते ती पत्र्याची. आणि वेडेवाकडे दोन ‘साप’. चार ओळी एकदम पुसायच्या तर उसाचीच वाट पाहावी लागे. त्यामुळे “ऊस येऊ दे रे” असा घोष दिवाणखान्यातून ऐकू येई. त्या घोषात कधी कधी गंमत असे आणि कधी दिवाळी जवळ आल्याची आठवण.

सात आकार वेगळे आहेत, पण सातही चारच चौकोनांचे आहेत. पाचवा चौकोन कोणालाच नाही. कोणता आकार चांगला आणि कोणता वाईट, हे तो कोठे बसवला यावर ठरते, तो कसा जन्मला यावर नाही. ज्याला मुले ‘साप’ म्हणून शिव्या घालत, तोच एखाद्या खाचेत असा बसे की दुसरे कोणीच तिथे बसू शकले नसते. खेळावर उगाच तत्त्वज्ञान लादू नये, हे मला मान्य आहे. पण ज्या मुलांना आडनावावरून जोखले जाण्याचा अनुभव दहाव्या वर्षापर्यंत येऊन गेलेला असतो, त्यांच्या हाती असा नियम असलेले काहीतरी असावे, असे मला तेव्हाही वाटे आणि आजही वाटते.

नशीब या खेळात आहेच. पुढचा आकार कोणता, हे आपल्या हाती नाही. तो कोठे ठेवायचा, हे आहे. कॅनडातील एका विद्यार्थ्याने १९९२ साली आपल्या प्रबंधात सिद्ध केले, की सापाचे दोन आकार आलटून पालटून येत राहिले तर कितीही निष्णात खेळाडू अखेर हरणारच. म्हणजे गणिताच्या दृष्टीने या खेळात कायमचा विजय नाही. उलट बाजूने २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रावर १५७ व्या पातळीपर्यंत मजल मारली, आणि खेळाडू हरण्याऐवजी यंत्रच थिजले. १९८९ पासून चौतीस वर्षांत हे कोणा माणसाला जमले नव्हते. हरणे ठरलेले आहे हे सांगणारे गणित आणि ते पुढे ढकलत नेणारा तेरा वर्षांचा मुलगा, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुलांना मी दोन्ही सांगतो.

आता त्या वहीविषयी. डब्यात सर्वांत मोठा गुणांक जपला जाई, पण सेल बदलले की तो शून्यावर येई. महिनाभर मिरवलेला विक्रम असा क्षणात नाहीसा झाला, तेव्हा पोरांनी माझ्याकडे दाद मागितली. “सर, सेल बदलला तर आमचा इतिहास गेला का?” इतिहासाच्या शिक्षकाला याहून थेट आव्हान कोण देणार? दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणून स्तंभ आखले : तारीख, नाव, इयत्ता, गुण, साक्षीदार. साक्षीदाराची सही असल्याशिवाय नोंद ग्राह्य नाही, हा नियम मुलांनीच घातला. साधन, पुरावा, नोंद आणि पडताळणी हे चार शब्द मी वर्गात वर्षभर शिकवतो. त्या वहीने ते एका आठवड्यात शिकवले. रविवारी डबा आणि वही मुलींच्या वसतिगृहात जात, आणि सोमवारी परत येत तेव्हा मुलांचे विक्रम बहुधा मोडलेले असत.

डबा एक आणि हात चाळीस, असा तो व्यवहार होता. डाव संपला की पुढच्याच्या हाती द्यायचा, त्यात सवलत नाही, इयत्तेचा मान नाही. खेळणारा एक आणि मागे वाकून पाहणारे दहा. “फिरव, फिरव,” “कडंला घे,” असे सल्ले चालत. एकट्याने खेळायचा खेळ आमच्याकडे दहा जणांचा झाला, तो डबा एकच होता म्हणून. ही गरिबीची देणगी म्हणून मी तिचे गोडवे गाणार नाही. आमच्या मुलांना चाळीस डबे मिळाले असते तर मला आनंदच झाला असता. पण चौथ्या निकषाला तो उतरला, हे खरे.

ती वही पुढे दहा-अकरा वर्षे चालली. डब्याची काच काळी पडून तो बंद झाला तेव्हा दुसरी वहीही भरत आली होती. आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर ती पाने चाळताना मला त्यात विक्रमांपेक्षा वेगळेच काही वाचता येते. दिवाळीची सुटी संपली की नोंदी एकदम वाढतात. तेव्हा आई-बाप टोळीबरोबर निघून गेलेले असत आणि पोरे नुकती पेट्या घेऊन परतलेली असत. त्या पहिल्या रात्री कोणाला झोप लागत नसे. गृहपाल त्या आठवड्यात डब्याची वेळ अर्ध्या तासाने वाढवीत. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मन विस्कटणारी दृश्ये पाहिल्यावर अर्ध्या तासाने काही जणांना दहा मिनिटे टेट्रिस खेळायला दिला, तेव्हा पुढच्या आठवड्यात ती दृश्ये त्यांच्या मनात इतरांच्या मानाने कमी वेळा उसळली. डोळ्यांपुढे सतत फिरणारे आकार त्या चित्रांना जागा देत नाहीत, असा त्याचा अर्थ लावला गेला. आमच्या गृहपालांनी असा कोणताही प्रबंध वाचला नव्हता. फडाकडे निघालेल्या ट्रकमागे धावलेले पोर त्या रात्री काय पाहत असेल, एवढे मात्र ते जाणून होते.

पाडव्याच्या सुमारास नोंदी उतरतात, कारण आई-बाप परतलेले असत. आणि काही नावे अशी आहेत की ती आषाढात दिसतात, भाद्रपदात दिसतात आणि दिवाळीनंतर दिसत नाहीत. ती मुले टोळीबरोबर गेली. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला, मुलगा बैल राखायला किंवा मोळ्या उचलायला. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ असे कोरडे अक्षर आहे. वहीत मात्र त्यांच्या नावापुढे आकडा आहे, आणि खाली मित्राची सही आहे. मी पाहिलेल्या सरकारी कागदांत या मुलांनी काही मिळवल्याची एवढी स्वच्छ नोंद मला दुसरीकडे सापडलेली नाही.

त्यांतील एकाविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. त्याचे नाव येथे देत नाही. २००४ च्या दिवाळीआधी, सातवीत असताना, त्याने ४८,७०० गुण केले. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. पुढच्या पानावर तो नाही, त्यापुढेही नाही. त्या वर्षी त्याच्या आईचे दुखणे निघाले, कोयता अर्धा राहिला, आणि तो अर्धा भरून काढायला त्याला नेले. आम्ही घरी गेलो, मुकादमाशी बोललो, उचलीचा हिशेब मांडून पाहिला. मुलगा परत आला नाही. त्याचा विक्रम पुढे तीन वर्षे कोणी मोडला नाही.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तो पाचवीच्या प्रवेशासाठी मुलीला घेऊन आला. आता ट्रॅक्टर चालवतो. अर्ज भरून झाल्यावर थोडा घुटमळला आणि म्हणाला, “सर, ती वही हाय का?” मी काढून दिली. पान शोधायला त्याला वेळ लागला नाही. बोट ठेवून त्याने मुलीला आपले नाव दाखवले. मुलीने आकडा वाचला, सह्या वाचल्या आणि विचारले, “ह्याच्यापेक्षा जास्त कोणी केले, सर?” केले होते, ते पानही मी दाखवले. बापाने ते वाचून मान डोलावली. ती मुलगी आता सातवीत आहे. गेल्या दिवाळीनंतर ती परत आली. यंदाच्या दिवाळीनंतरही येईल, अशी व्यवस्था तिच्या बापाने केली आहे, आणि आम्हीही केली आहे.

मुलांनो, तुमच्या ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर यात आले आहे, असे मला वाटते. टेट्रिसमध्ये राजा नाही, शत्रू नाही, पैसा नाही. तो समजायला इंग्रजी लागत नाही. तो खेळताना मी कोण, कोणाचा, कोणत्या वस्तीतला, हे कोणी विचारत नाही; पुढचा आकार तू कोठे ठेवशील, एवढेच विचारले जाते. यापेक्षा देखणे, यापेक्षा गुंतागुंतीचे खेळ पुष्कळ निघाले आहेत आणि तुम्ही ते खेळालही. पण चारही निकषांवर टिकणारा दुसरा खेळ मला अजून भेटलेला नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने त्या दोन्ही वह्या ग्रंथालयात काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत. कपाटाला कुलूप नाही. तुमची नोंद त्यांत असेल तर येऊन पाहा. ज्यांची नावे मध्येच थांबली आहेत, त्यांचा ठावठिकाणा तुम्हाला माहीत असेल तर तो कार्यालयात कळवा. त्यांच्या मुलांच्या प्रवेशासाठी जून महिना उजाडण्याची वाट पाहू नका. संगणक कक्षात यंदा टेट्रिस बसवला आहे. तेथील यंत्रे गुण आपोआप जपून ठेवतात. तरीही शेजारी एक कोरी दोनशे पानी वही ठेवली आहे, आणि साक्षीदाराच्या सहीचा नियम कायम आहे.

जय भीम!